पॉकेट पीसी फोनला जीपीएस फिक्स मिळत नाही, मिळाला तर टिकत नाही: एचटीसी पी३३०० आणि त्या पिढीचे फोन

लक्षणं साधारण अशी असतात. नकाशाचा प्रोग्राम उघडल्यावर दहा-पंधरा मिनिटं उपग्रहांचा शोधच चालू राहतो. सॉफ्ट रीसेट केला, म्हणजे फोन नुसता पुन्हा सुरू केला, की एकदा चालतं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. किंवा फिक्स, म्हणजे उपग्रहांवरून काढलेलं स्थान, मिळतो, पण फोन खिशात ठेवून बाहेर काढला की स्थान जुन्याच जागी अडकलेलं असतं. बहुतेक जण नकाशाचा प्रोग्राम काढून पुन्हा टाकतात आणि शेवटी सगळं पुसणारा हार्ड रीसेट करतात. त्यातून हाती काही लागत नाही, कारण एकाच लक्षणामागे चार-पाच वेगवेगळी कारणं असतात आणि नकाशाचा प्रोग्राम त्यातलं नेमकं कुठलं ते सांगत नाही. ते रिसीव्हरमधून येणारा कच्चा मजकूर सांगतो. म्हणून तो पाहिल्याशिवाय कुठल्याही सेटिंगला हात लावू नका.

पुढचं विवेचन एचटीसी पी३३०० डोळ्यांसमोर ठेवून केलं आहे. २००६ चा हा फोन ओटू एक्सडीए ऑर्बिट आणि टी-मोबाइल एमडीए कॉम्पॅक्ट ३ या नावांनीही विकला गेला. विंडोज मोबाइल ५, सुमारे २०० मेगाहर्ट्‌झचा ओमॅप ८५० प्रोसेसर, ६४ एमबी रॅम, २.८ इंची पडदा, १२५० एमएएच बॅटरी आणि आत सर्फ कंपनीचा सर्फस्टार ३ जातीचा जीपीएस रिसीव्हर. मिओ ए७०१ मध्येही सर्फस्टार ३ च आहे. एचपी आयपॅक एचडब्ल्यू६५१५ (२००५) वेगळा: त्यात ग्लोबल लोकेट या दुसऱ्या कंपनीची चिप आहे आणि गणिताचा बराच भाग फोनचा प्रोसेसर करतो. त्यामुळे खाली सर्फच्या अवजारांबद्दल जे लिहिलं आहे ते त्याला लागू नाही, बाकीचं आहे. शिवाय त्यावर विंडोज मोबाइल २००३ एसई असल्याने बॅटरी पूर्ण संपली की रॅममधले प्रोग्राम आणि सेटिंग सगळं पुसलं जातं. बॅटरी उतरल्यावर जीपीएस बंद पडला अशी तक्रार असेल, तर बिघाड जीपीएसचा नसून पोर्टची, म्हणजे रिसीव्हरचा मजकूर प्रोग्रामपर्यंत येतो त्या क्रमांकित वाटेची, सेटिंग उडाली आहेत.

आधी कच्चा मजकूर

व्हिज्युअलजीपीएससीई किंवा तसाच एखादा छोटा तपासणी प्रोग्राम फोनवर टाका. तो सुरू करण्याआधी सेटिंग्ज, सिस्टिम, मेमरी, रनिंग प्रोग्राम्स इथे जाऊन स्टॉप ऑल दाबा. ही पायरी टाळू नका. विंडोज मोबाइलमध्ये कोपऱ्यातली फुली दाबली की बरेच प्रोग्राम बंद होत नाहीत, फक्त मागे जातात, आणि जीपीएसचा पोर्ट धरून बसतात. काल चाललं आणि आज नाही, या तक्रारींपैकी कितीतरी इथेच मिटतात.

आता मोकळ्या जागेत पोर्ट उघडून काय येतं ते पाहा.

काहीच येत नसेल तर गोष्ट पोर्टची किंवा वेगाची आहे. आकाशाशी त्याचा संबंध नाही, बाहेर कितीही वेळ उभं राहून उपयोग नाही.

अगम्य चिन्हं येत असतील तर दोन शक्यता. एकतर बॉड रेट, म्हणजे पोर्टवरून मजकूर येण्याचा वेग, चुकला आहे: ४८००, ९६००, ३८४००, ५७६०० असे एकेक लावून पाहा. नाहीतर रिसीव्हर सर्फच्या बायनरी भाषेत अडकला आहे. एखादा प्रोग्राम त्याला बायनरीत नेतो आणि बाहेर पडताना एनएमईएमध्ये, म्हणजे सगळ्या प्रोग्रामना कळणाऱ्या साध्या मजकुराच्या भाषेत, परत आणत नाही. मग बाकीच्या प्रोग्रामना त्यातलं काहीच कळत नाही. सर्फटेक नावाचं छोटं अवजार ही भाषा परत बदलतं. मात्र ज्या फोनमध्ये रिसीव्हर थेट सिरियल पोर्टवर उघडा आहे तिथेच ते चालतं.

डॉलरच्या चिन्हाने सुरू होणाऱ्या स्वच्छ ओळी येत असतील तर पोर्ट ठीक आहे. मग तीन ओळी वाचता आल्या की पुरे. आरएमसी ओळीत वेळेनंतर ए हे अक्षर असेल तर फिक्स आहे, व्ही असेल तर नाही. जीजीए ओळीत वापरात असलेल्या उपग्रहांची संख्या आणि एचडीओपी (उपग्रहांच्या मांडणीमुळे स्थान किती अचूक येईल ते सांगणारा आकडा, कमी तितका चांगला) मिळतो. सगळ्यात कामाची ओळ जीएसव्ही: तिच्यात प्रत्येक उपग्रहाचे चार आकडे असतात, म्हणजे क्रमांक, क्षितिजापासूनची उंची, दिशा आणि सिग्नलची ताकद. ताकदीची जागा रिकामी असेल तर तो उपग्रह ऐकू आलेला नाही. तो तिथे असायला हवा एवढंच रिसीव्हर जुन्या पंचांगावरून, म्हणजे उपग्रह कधी कुठे असतील याच्या साठवलेल्या ढोबळ माहितीवरून, सांगतो आहे. पडद्यावर बारा उपग्रह दिसूनही फिक्स नाही, ही तक्रार बहुतेक वेळा हीच असते. मोकळ्या मैदानात डोक्यावरच्या दोन-तीन उपग्रहांची ताकद ४० च्या वर जायला हवी. सगळे ३० च्या खाली असतील तर अँटेनाकडे वळा. ताकद चांगली असून फिक्सला फार वेळ लागत असेल तर अडचण कक्षेच्या माहितीची आहे.

एक बारकावा, कारण त्याने भलताच गोंधळ होतो. एनएमईएमध्ये अक्षांश अंश आणि मिनिटांत येतो. १८३१.२००० याचा अर्थ १८ अंश ३१.२ मिनिटं, म्हणजे दशांशात १८.५२, पुणे. हाच आकडा १८.३१२ असा वाचला तर जागा सुमारे २३ किलोमीटर दक्षिणेला जाते. स्थान वीस-तीस किलोमीटरने चुकत असेल तर जीपीएसला दोष देण्याआधी हे तपासा. इतकी मोठी आणि कायम तेवढीच राहणारी चूक आकाशातून येत नाही.

पोर्टचा घोळ

विंडोज मोबाइल ५ पासून जीपीएस इंटरमीजिएट ड्रायव्हर आला. त्याचं काम एवढंच की हार्डवेअरचा पोर्ट त्याने स्वतः धरायचा आणि प्रोग्रामना दुसरा, काल्पनिक पोर्ट द्यायचा, म्हणजे एकाच वेळी दोन-तीन प्रोग्रामना स्थान मिळतं. सेटिंग्ज, कनेक्शन्स इथे जीपीएसचं चिन्ह असतं आणि आत प्रोग्राम्स, हार्डवेअर, ॲक्सेस असे तीन टॅब. काही कंपन्यांनी हे चिन्ह लपवून ठेवलं आहे. तसं असेल तर विंडोजची आतली सेटिंग बदलणाऱ्या रजिस्ट्री एडिटरने एचकेएलएम, कंट्रोलपॅनल, जीपीएस सेटिंग्ज इथे पाहा. हाइड नावाची नोंद असेल तर ती काढून सॉफ्ट रीसेट करा. त्याआधी त्या नोंदीची प्रत काढून ठेवा.

नियम असा: हार्डवेअर टॅबमधला पोर्ट आणि प्रोग्राम्स टॅबमधला पोर्ट एकच नसावा. हार्डवेअरचा पोर्ट कारखान्यात लावलेला असतो, आतला रिसीव्हर वापरत असाल तोवर तो बदलू नका. नकाशाच्या प्रत्येक प्रोग्राममध्ये प्रोग्राम्स टॅबमधलाच क्रमांक द्या. गडबड होते ती जुन्या प्रोग्राममुळे. ते पोर्ट आपणच शोधतात, आणि शोधताना सरळ हार्डवेअरचा पोर्ट उघडतात. तो एकदा एकाने धरला की ड्रायव्हरला मिळत नाही आणि बाकीचे सगळे आंधळे होतात. म्हणून पोर्ट आपोआप शोधण्याचा पर्याय प्रत्येक प्रोग्राममध्ये बंद ठेवा. टॉमटॉम नॅव्हिगेटरमध्ये जीपीएसच्या यादीतून इतर एनएमईए रिसीव्हर निवडून क्रमांक हाताने देता येतो.

ब्लूटूथही इथे अडथळा आणतं. ब्लूटूथच्या सेटिंगमध्ये कधीकाळी बनवलेला आउटगोइंग पोर्ट नेमका हाच क्रमांक घेऊन बसलेला असू शकतो. तो काढा किंवा दुसऱ्या क्रमांकावर न्या.

फोन झोपून उठल्यावरच मजकूर थांबत असेल तर सेटिंग्ज, सिस्टिम, पॉवर, ॲडव्हान्स्ड इथे ठरावीक वेळानंतर फोन बंद करण्याची खूण काढा. बॅटरीवर आणि चार्जरवर अशा दोन वेगळ्या खुणा आहेत, दोन्ही पाहा. पॉवरचं बटण दाबलं की फक्त पडदा मालवतो असा समज आहे. प्रत्यक्षात पूर्ण फोन झोपतो, कॉल घेणारा भाग तेवढा जागा राहतो आणि जीपीएस बंद होतो. मार्ग नोंदवायचा असेल तर फक्त पडदा मालवणारं छोटं अवजार वापरा.

फिक्सला दहा मिनिटं लागतात ती का

हा भाग नीट समजून घेतला तर निम्म्या तक्रारी राहणार नाहीत.

उपग्रह आपली माहिती सेकंदाला फक्त ५० बिट या वेगाने पाठवतो. स्वतःच्या कक्षेचा अचूक तपशील, म्हणजे इफेमेरिस, दर ३० सेकंदांनी पुन्हा पाठवला जातो. त्यातले सुमारे १८ सेकंद आपल्या कामाचे. हे १८ सेकंद सलग आणि बिनचूक मिळाले पाहिजेत. मध्ये झाड, पूल किंवा ट्रक आला आणि एक तुकडा गळाला की तो तुकडा पुन्हा यायला ३० सेकंद थांबावं लागतं. स्थान काढायला निदान चार उपग्रहांकडून हे मिळायला हवं. आणि ही माहिती साधारण चार तासच कामाची असते. सगळ्या उपग्रहांचं ढोबळ पंचांग, म्हणजे अल्मनॅक, पूर्ण मिळायला साडेबारा मिनिटं लागतात.

त्यात आणखी एक गोम आहे. एकदा फिक्स मिळाल्यावर सर्फस्टार ३ फार कमकुवत सिग्नलही धरून ठेवतो, पण माहितीचे बिट वाचायला त्याहून बराच चांगला सिग्नल लागतो. म्हणून आधीपासून चालू असलेला फोन घाटातल्या झाडीतही स्थान दाखवतो आणि शेजारच्या सीटवर आत्ताच सुरू केलेला तसलाच फोन शोधतच राहतो. दोन्ही फोन चांगले आहेत.

यावरचा उपाय म्हणजे गाडी हलवण्याआधी मोकळ्या जागी दोन-तीन मिनिटं थांबणं. जीएसव्हीमध्ये चार-पाच उपग्रहांची ताकद ३५ च्या वर आली आणि आरएमसीमध्ये ए दिसला की निघा. महिनोन्‌महिने पडून असलेला फोन असेल तर पहिल्या दिवशी १५ मिनिटं गच्चीवर तसाच ठेवा, म्हणजे पंचांगही पूर्ण भरेल. या काळात घड्याळ चार सेकंदांनी पुढे दिसलं तर घाबरू नका. २००६ मध्ये जीपीएसची वेळ जागतिक वेळेपेक्षा १४ सेकंद पुढे होती, आता १८ आहे. पंचांगाबरोबर हा फरकही येतो आणि घड्याळ जागेवर येतं.

हा त्रास टाळण्यासाठीच एचटीसीने क्विकजीपीएस आणि एचपीने क्विक जीपीएस कनेक्शन दिलं होतं. कक्षेची पुढच्या काही दिवसांची आगाऊ माहिती इंटरनेटवरून उतरवायची, म्हणजे आकाशातून ती वाचत बसायला नको. आज त्यावर विसंबू नका. विंडोज मोबाइल ५ ला हल्लीच्या राउटरची डब्ल्यूपीए२ सुरक्षा आणि इंटरनेटवरच्या सुरक्षित जोडणीचं आजचं टीएलएस पेलत नाही, त्यामुळे जोडणीच होत नाही. क्विकजीपीएस दर वेळी अयशस्वी होत असेल तर ते आपोआप चालण्याची खूण काढून टाका; फिक्सला थोडा उशीर होईल, पण फोन अडकणार नाही.

फोन बंद करून विमानाने किंवा रात्रभराच्या प्रवासाने शेकडो किलोमीटर दूर गेला असाल तर रिसीव्हर जुन्या जागेच्या हिशोबाने चुकीचे उपग्रह शोधतो. अशा वेळी सर्फटेकने कोल्ड स्टार्ट, म्हणजे जुनी माहिती विसरून नव्याने सुरुवात, दिलेला बरा. फॅक्टरी रीसेट मात्र सहज देऊ नका. त्याने बॉड रेट मूळ किमतीवर जाऊ शकतो आणि नवाच प्रश्न उभा राहतो.

उभं कुठे राहायचं यालाही महत्त्व आहे. जीपीएसचे उपग्रह विषुववृत्ताशी ५५ अंशांच्या कलत्या कक्षेत फिरतात. त्यामुळे महाराष्ट्र-गोव्यातून पाहिलं तर थेट उत्तरेला क्षितिजापासून सुमारे ४० अंशांपर्यंत आकाश रिकामंच असतं. उत्तरेकडे तोंड असलेल्या गॅलरीत वरचा मजला आडवा आला की उरतो तो नेमका हा रिकामा पट्टा. गॅलरीतच तपासायचं असेल तर ती दक्षिणेकडची हवी.

ताकदच कमी असेल तर

सिग्नल जमिनीवर पोचतो तो उणे १३० डीबीएमच्या आसपास, इतका क्षीण. काचेवरची धातूचा थर असलेली उन्हाची फिल्म, काही गाड्यांची उष्णता परतवणारी मूळ काच किंवा धातूचं मागचं कव्हर त्याला पुरतं अडवतं. आधी फोन कव्हरमधून काढून गाडीबाहेर तपासा.

मग फोनचा कॉलचा भाग कम्युनिकेशन मॅनेजरमधून बंद करून जीएसव्ही पुन्हा पाहा. ताकद तीन-चारने वाढली तर आतल्या पत्र्याच्या आवरणाचा किंवा अर्थिंगचा स्पर्श सुटला आहे. रेंज कमी असलेल्या भागात फोन पूर्ण जोराने, ९०० मेगाहर्ट्‌झवर २ वॉटपर्यंत, प्रक्षेपण करतो. घाटात फिक्स सुटतो आणि बॅटरीही भराभर उतरते, त्यामागे हे एक कारण असतं. गाडीच्या स्वस्त चार्जरची चाचणीही अशीच: तो काढा आणि आकडे पाहा.

ज्या फोनला बाहेरच्या अँटेनाचं एमएमसीएक्स सॉकेट रबरी झाकणाखाली असतं, त्यांच्यातला हमखास आढळणारा बिघाड पुढचा. सॉकेटच्या आत बारीक यांत्रिक स्विच असतो. प्लग घातला की तो आतली अँटेना तोडतो, काढला की जोडतो. वर्षानुवर्षं ओलसर हवेत राहून, विशेषतः कोकणात आणि गोव्यात, स्विचच्या पट्टीवर थर चढतो आणि ती जोडणी होतच नाही. खूण स्पष्ट आहे: बाहेरची अँटेना लावली की ताकद ४५, काढली की शून्य. बॅटरी काढा, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब सॉकेटमध्ये सोडा, प्लग दहा-बारा वेळा सरळ आत-बाहेर करा, अर्धा तास वाळू द्या. तिरका ओढू नका. सॉकेट बोर्डावरून उपटलं तर घरी दुरुस्त होत नाही. याने भागलं नाही तर बाहेरची अँटेना कायम वापरा. ती ३ व्होल्टवर चालणारी ॲक्टिव्ह प्रकारची, म्हणजे सिग्नल वाढवणारा भाग आतच असलेली, घ्या. फक्त ५ व्होल्टवर चालणारी या फोनच्या कामाची नाही.

सॉकेट नसेल किंवा स्वच्छ असेल तर आतल्या सिरॅमिक अँटेनाचे स्प्रिंग-स्पर्श पाहावे लागतात. फोन खोलताना प्लास्टिकची पातीच वापरा, स्पर्श खोडरबराने हलके पुसा, पट्टी दबलेली असेल तर किंचित उचला. मागचं झाकण फुगलेलं दिसत असेल तर आधी बॅटरी बाहेर काढा. फुगलेली बॅटरी झाकण ढकलते आणि स्पर्श सुटतात. ती टोचू किंवा दाबू नका, पुन्हा चार्जही करू नका. ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या.

चालताना स्थान गोठतं, मग उडी मारतं

ट्रेकला हे हमखास दिसतं. सर्फच्या फर्मवेअरमध्ये स्टॅटिक नॅव्हिगेशन नावाची सोय आहे. रस्त्यावरच्या सिग्नलला उभी असलेली गाडी नकाशावर भरकटू नये म्हणून अगदी कमी वेगात ती स्थान जागेवर धरून ठेवते. चढावर माणूस तेवढ्याच वेगाने चालतो. सर्फटेकमधून ती बंद करा. बॅटरी बराच वेळ बाहेर राहिली तर ती पुन्हा चालू होऊ शकते, म्हणून ट्रेकच्या आदल्या दिवशी पाहून घ्या. स्कॅन केलेल्या जुन्या टोपोशीटवर स्थान सतत एकाच दिशेला सरकलेलं दिसत असेल तर तो प्रश्न निराळा: ते नकाशे एव्हरेस्ट डेटमवर (अक्षांश-रेखांश मोजण्याचा आधार) आहेत आणि जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ वर. नकाशाच्या प्रोग्राममध्ये डेटम भारत-नेपाळचा लावा.

तारीख वीस वर्षं मागे

जीपीएस आठवड्यांचा क्रमांक १० बिटांत पाठवतं, म्हणून १०२४ आठवड्यांनी तो शून्यावर येतो. असं १९९९ च्या ऑगस्टमध्ये आणि ६ एप्रिल २०१९ च्या मध्यरात्री झालं. जुनं फर्मवेअर त्यानंतर, किंवा त्याच्या आत ठरलेल्या वेगळ्या तारखेनंतर, ७१६८ दिवस मागची तारीख दाखवतं. १ जानेवारी २०२५ ही १८ मे २००५ दिसते. दोन्ही दिवशी बुधवार. वार बरोबर आणि तारीख चुकीची, हीच याची खात्रीची खूण. स्थानावर याचा परिणाम नाही. नकाशाच्या प्रोग्राममधली जीपीएसवरून घड्याळ लावण्याची खूण काढा, नाहीतर कॅलेंडर आणि परवान्याच्या मुदती बिघडतात. नोंदवलेल्या मार्गांच्या तारखा जीपीएसबेबल या प्रोग्रामच्या ट्रॅक फिल्टरने ७१६८ दिवस पुढे नेता येतात.

नकाशाच सापडत नाही

हा जीपीएसचा दोष नाही, पण तक्रार त्याच नावाने येते. झोपेतून उठल्यावर मेमरी कार्ड पुन्हा जोडलं जायला काही सेकंद लागतात. तेवढ्यात प्रोग्रामने नकाशा मागितला तर तो गोठतो. प्रोग्राम फोनच्या मेमरीत आणि फक्त नकाशे कार्डावर ठेवा. कार्ड २ जीबीचं साधं मायक्रोएसडी घ्या, एसडीएचसी नको.

यातलं काहीच लागू पडलं नाही तर

बाहेरची चांगली अँटेना, मोकळं मैदान, कोल्ड स्टार्ट, आणि तरी अर्ध्या तासात एकाही उपग्रहाची ताकद दिसत नसेल, तर रिसीव्हरचा रेडिओ भाग किंवा त्याचा स्फटिक गेला आहे; जोरात पडलेल्या फोनमध्ये हे होतं. अशा फोनला सिरियल पोर्ट प्रोफाइल असलेला ब्लूटूथ जीपीएस रिसीव्हर जोडा. तो आधी फोनशी पेअर करा, सिरियल पोर्ट सेवेवर खूण करा, ब्लूटूथच्या कॉम पोर्ट टॅबमध्ये रिकाम्या क्रमांकाचा आउटगोइंग पोर्ट बनवा. मग जीपीएस सेटिंगच्या हार्डवेअर टॅबमध्ये मूळ क्रमांक कागदावर लिहून ठेवून त्या जागी हा नवा क्रमांक द्या. प्रोग्राम्स टॅब आणि नकाशाच्या प्रोग्राममधली सेटिंग जशी होती तशीच राहू द्या.